तरन्नुमची नखं

नालवाडीच्या त्या गल्लीत सुगराबीला दोनच कामांसाठी बोलावणं यायचं. गादी भरायची असली की, नाहीतर कुणाच्या घरातली बाई गेली की. गादीचं काम नवऱ्याच्या घराण्याचं. हबीबभाई पिंजारी, सुगराबी शिलाईला. दुसरं काम सासूनं दिलेलं. मयत बाईला शेवटची अंघोळ घालायची, गुसल द्यायचा. सासू थकली तेव्हा तिनं गल्लीतल्या एवढ्या बायांमधून आपल्या पवनारच्या सुनेलाच हाताशी धरलं. म्हणाली होती, "मुडदा बोलत नाई म्हणून त्याले दुखत नाई असं समजजो नोको. जित्या माणसाले लावते तसाच हात लावजो."

सुगराबीनं ते असं धरून ठेवलं की तिच्यापुढं मयताविषयी कुणी एक वावगा शब्द बोलायची सोय नव्हती. एकदा एका म्हातारीला अंघोळ घालताना पाणी ओतणारी बाई म्हणाली, किती काळी पडली नाही? सुगराबीनं तिच्या हातातला मग काढून घेतला आणि तिला पडद्याबाहेर घालवलं. तापट बाई, असं सगळे म्हणायचे. तिच्या तोंडावर म्हणायचे आणि तरी तिलाच बोलवायचे, कारण तिच्या हातून मयताची आबरू कधी बाहेर गेली नव्हती.

जैतूनबीच्या घरून बोलावणं आलं ते सकाळी. सून गेली होती. तरन्नुम, तेवीस वर्षांची, लग्नाला दुसरं वर्ष. चार दिवसांपूर्वीच त्या घरात धाकट्या मुलाची मंगनी, साखरपुडा झाला होता. मंडपाचे बांबू अजून दारात उभे होते.

"काय झालं पोरीले?" सुगराबीनं आत शिरतानाच विचारलं.

"अशक्तपणा होता," जैतूनबी म्हणाली. "चक्कर येऊन पडली मोरीत. दवाखान्यात नेलं तर म्हणाले, रक्तच नाही अंगात. अल्लाची मर्जी."

मागच्या अंगणात चादरी बांधून आडोसा केला होता. तख्त्यावर पोर निजवलेली. बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी, कापूर, कफन, सगळं तयार होतं. पडद्याच्या आत सुगराबी, जैतूनबी आणि जैतूनबीची भावजय एवढ्याच. सुगराबीनं अंगावर चादर टाकून चादरीखालून कपडे काढले आणि तिचा हात थांबला. खालचे कपडे रक्तानं भिजलेले होते. एका पाळीचं इतकं रक्त तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"हे काय व्हय?"

"पाळी आली होती," जैतूनबी झटकन म्हणाली. "तू पाणी टाक. दुपारच्या नमाजेला, जोहरला न्यायचंय."

 सुगराबीनं हाताला फडकं गुंडाळलं, पोरीला साफ केलं. मग वजू करवायला, नमाजेआधी धुतात तसे हात-तोंड धुवायला, तिचा उजवा हात चादरीतून बाहेर काढला तर बोटांवर लांब, गुलाबी, चमकीची नखं. चिकटवलेली.

"पाहिलंस?" जैतूनबीला जणू याचीच वाट होती. "हजार वेळा सांगितलं. नकली नखं लावू नको, हराम आहे. पाणी नखाला लागत नाही, वजू होत नाही, नमाज होत नाही. ऐकलं का तिनं? आता ही अशी अल्लासमोर जाणार. सगळ्या नमाजा वाया."

भावजयीनं मान हलवली. "आजकालच्या पोरी. फॅशनपुढं मेल्यानंतरची आखिरत दिसत नाही त्यांना."

खरं म्हणजे या एका बाबतीत सुगराबीचं जैतूनबीशी भांडण नव्हतं. चिकटवलेल्या नखांखाली पाणी जात नाही, मग वजू कसा व्हायचा, हे ती स्वतः गल्लीतल्या पोरींना सांगायची. लावायचीच तर नमाजेआधी काढता येतील अशी लावा म्हणायची. पण तख्त्यावर झोपलेल्या पोरीच्या डोक्याशी उभं राहून कुणी असं बोलावं? तिच्या कानशिलात रक्त तापायला लागलं.

"तोंड आवरजो, जैतून. मयत आयकून राह्यली."

तिनं कोमट पाण्यात फडकं भिजवून नखांवर धरलं. बराच वेळ धरलं. नखं हलेनात. तोवर भावजय घरात जाऊन परत आली होती. तिच्या हातात पकड होती, वायरी तोडायची.

"धर घट्ट. मी ओढते."

सुगराबीनं ती पकड अशी हिसकावली की भावजयीचा हात खरचटला. पकड भिंतीवर जाऊन आदळली.

"जित्या पोरीचं नख उपटशीन का तू पकडीनं? तुह्या सोताच्या पोरीचं उपटशीन?"

"अगं, पण असं कसं पुरायचं?" जैतूनबी आवाज दाबत म्हणाली. "गुसल होणार नाही. बाहेर तिची आई बसलीय, बाया बसल्यात. लोक काय म्हणतील?"

सुगराबीनं पडद्याआडूनच बाहेर बसलेल्या हबीबभाईला हाक मारून मौलानांना फोन करायला सांगितलं. निरोप लगेच आला. सहज निघत असतील तर काढा. कातडी फाटत असेल तर तशीच राहू द्या, गुसल होऊन जाईल. मयताला त्रास देऊ नका.

"झालं समाधान?" सुगराबी म्हणाली.

पण जैतूनबीचं समाधान होत नव्हतं. नखं गेलीच पाहिजेत, असा तिचा हट्ट. बायका तोंड बघायला आल्या की हात बघतील म्हणत होती. सुगराबीला त्या हट्टाचंच नवल वाटलं. इतकी घाई कशाची?

"कोणं लावली ही नखं?" तिनं विचारलं.

"असेल कोणी पार्लरवाली."

"सिंदी मेघेची गोपिका," भावजय बोलून गेली. जैतूनबीनं तिच्याकडं पाहिलं तसं तिनं तोंड मिटलं.

"मंग तिलेच बोलवा. जिनं लावली तिच्यापाशी काढायची दवाई असन."

"हिंदूची पोर मयताला हात लावणार?"

"जितेपणी तिनं हात धरला तवा तुले चालला ना?" सुगराबीचा आवाज चढला. "बोलव म्हणतो ना. नाई तर मी हात धुऊन घरी चालली. घाल तूच आंघोळ."

हबीबभाईनं कुणाला तरी मोटरसायकलवर पाठवलं. गोपिका आली ती रडतच आली. भाजीवाल्यांच्या घरची विशीतली पोर, समोरच्या खोलीत पार्लर चालवायची. डोक्यावर ओढणी घेऊन ती पडद्याच्या आत आली आणि तख्त्यापाशी येऊन थबकली. सुगराबीनं चादरीतून फक्त हात बाहेर काढून दिला.

"भिऊ नोको, बेटा. हळू काढजो. दुखल्यावानी नोको करजो."

गोपिकानं बाटलीतलं औषध कापसावर घेतलं, एकेका बोटाला गुंडाळून धरलं, मग लाकडी काडीनं कडेनं हलकेच सोडवत गेली. एक नख निघालं. खाली तरन्नुमचं खरं नख. पांढरं, कागदासारखं.

"मावशी, हे मेल्यामुळं नाही," गोपिका हुंदका गिळत म्हणाली. "त्या दिवशीपण नखं अशीच पांढरी होती. मी म्हटलं, ताई, तुमच्या अंगात रक्त नाही वाटते, डॉक्टरले दाखवा. त्या म्हणे, मंगनी झाल्यावर जाऊ म्हणतात घरचे. खुर्चीवर बसल्या बसल्या दोनदा डोळे मिटले त्यांनी."

"तू तुझं काम कर," जैतूनबी म्हणाली.

सुगराबीनं तिच्याकडं पाहिलंही नाही. "नखं कोणं लावाले सांगतली व्हती, गोपिका?"

 पोरीनं एकदा जैतूनबीकडं पाहिलं.

"सांग. तुले कोनी काई करत नाई."

"ह्यांनीच आणलं होतं ताईले. म्हणे, हिचे हात पांढरेफटक दिसतात, फोटोत बरे दिसणार नाहीत, पाव्हणे काय म्हणतील. लांब गुलाबी लाव म्हणे. ताई नाहीच म्हणत होत्या. म्हणे, अम्मी, नमाज होणार नाही यानं. तर ह्या म्हणे, तुला कुठं सध्या नमाज आहे, तुझं तर थांबतच नाही."



सुगराबीला सगळं एकदम कळलं. थांबतच नाही. म्हणजे रक्तस्राव चालू होता, आणि तो सासूला ठाऊक होता. पाळीच्या बाईवर नमाज नसते, एवढा धर्माचा मसला जैतूनबीला नेमका माहीत होता. नखं चालतील का हे ठरवायला तिनं ते रक्त कामाला लावलं. पोरीला दवाखान्यात न्यायला मात्र ते रक्त तिला पुरलं नाही. आणि आता तीच नखं पोरीच्या माथी मारून तिला गुन्हेगार करून पाठवायला निघाली होती.

"सुगरा, ऐक," जैतूनबी जवळ सरकली. "बच्चा पडला होता तिचा. होतं असं बायकांचं. मलाही झालं होतं. थांबेल थांबेल म्हणून... घरात एवढं कार्य. आणि गुसल देणारीनं पाहिलेलं बाहेर सांगू नये. तुला माहीत आहे."

 सुगराबीनं गोपिकाकडून उरलेली नखं काढून घेतली, तिला पाठवून दिलं. मग वजू करवला. डोक्यापासून पायापर्यंत पाणी घातलं, आधी उजवीकडून, मग डावीकडून, परत, परत. शेवटच्या पाण्यात कापूर. तिचे हात नेहमीसारखेच हळू चालत होते, फक्त दात एकमेकांवर घट्ट बसले होते. कफन गुंडाळून झालं, पोरीचा चेहरा उघडा ठेवला, तेव्हा ती पडदा सारून बाहेर आली.

समोरच्या खोलीत बाया बसल्या होत्या. मध्ये तरन्नुमची आई रफिया, देवळीहून आलेली, डोळे सुजलेले.

सासूनं शिकवलेलं सुगराबीला पाठ होतं. मयताचा ऐब, त्याचं उणं, झाकायचा. पण हा ऐब मयताचा नव्हता. जित्यांचा ऐब झाकायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"रफिया," ती म्हणाली, "तुह्या पोरीचा गर्भ पडला व्हता, तुले मालूम हाय?"

रफियानं मान वर केली. "नाई. थोडं अशक्त वाटते म्हणे फोनवर."

"तवापासून तिचं रक्त जाऊन राह्यलं व्हतं. थांबलंच नाई. घरात मंगनी व्हती म्हणून चक्कर येऊन पडेपर्यंत तिले कोणी दवाखान्यात नेलं नाई. तिचे हात पांढरे पडले तर हिनं त्याच्यावर नखं चिपकवून आणली, फोटोसाठी. अन् आता मले सांगते, हे पोरगी गुनाहगार व्हती."

"किती दिवस?" रफियानं विचारलं. जैतूनबीला विचारलं. "किती दिवस जात होतं?"

जैतूनबी रडायला लागली. रफिया उठली. वाटलं, मारते आता. पण ती नुसती तिच्यापुढं उभी राहिली आणि तेच विचारत राहिली, किती दिवस, किती दिवस, शेवटी बायांनी तिला धरून लेकीच्या चेहऱ्यापाशी नेईपर्यंत.

जनाजा जोहरला निघाला. पुढं काही झालं नाही. तरन्नुमचा बाप म्हणाला, पोर तर परत येत नाही. पोलिसात कुणी गेलं नाही. जैतूनबीच्या घरच्यांनी गल्लीत सांगितलं की सुगराबीला गुसलला बोलवू नका, ती मयताचं बाहेर सांगते. हबीबभाईनंही एकदा दबकत म्हटलं, "तू जरा बोललीस जास्त." त्या दिवशी त्याला कोरडी भाकर मिळाली आणि सोबत कुणी बोलायला नाही.

महिन्याभरानं बायांचा इज्तिमा, धर्माच्या गोष्टी ऐकायची बैठक, भरला. नागपूरहून प्रवचनाला आलेल्या आपांनी विषय काढला तो नखांचाच. गल्लीत झालेली गोष्ट त्यांच्या कानावर कुणीतरी घातली होती, नखांपुरती. आपा चांगलं समजावून सांगत होत्या. अल्लानं बनवलेल्यात बदल म्हणजे काय, पाणी पोचणं का जरुरी, काढता येणाऱ्या नखांचं काय. पोरी सवालांवर सवाल करत होत्या. मेहंदी? नेलपॉलिश? पाळीत लावली तर? जैतूनबी पुढच्या रांगेत बसून मान हलवत होती.

सुगराबी मागून उठली.

"आपा, माहा एक सवाल हाय. घरात सुनेचं रक्त जाऊन राह्यलं, अन् पाव्हणे येणार म्हणून तिले दवाखान्यात न्यायचं नाई. हे जायज व्हय का नाजायज?"

 आपा गोंधळल्या. त्यांना आतलं काही माहीत नव्हतं. "नाजायजच आहे, बहन. जान वाचवणं फर्ज आहे. पण आजचा मौजू, आजचा विषय..."

"मौजू तोच हाय. पण त्याच्यावर कोणी सवाल नाई पुसत."

ती चपला घालून निघाली. मागं कुजबुज उठली, जैतूनबीचा रडवा आवाजही आला. सुगराबीला तिची कीव आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतली निखत तिच्या दारात येऊन उभी राहिली. नवी सून, चेहरा ओढलेला. इकडं तिकडं बघत म्हणाली, "खाला, मलापण... पंधरवडा झाला. घरात म्हणतात, गरम पडलं असेल."

सुगराबी गादी शिवत होती. सुई तशीच कापडात टोचून ती उठली.

"घरच्याले सांगतलं का, अठी आली म्हणून?"

"नाही. सास ओरडेल."

"ओरडू दे. मी हाय ओरडाले." तिनं बुरखा अडकवला, पोरीचा दंड धरला आणि कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्याला हाक मारली.

सरकारी दवाखान्यात खिडकीपाशी ही गर्दी. खिडकीतला माणूस म्हणाला, लाइनीत या, आता जेवणाची सुट्टी होईल. सुगराबीनं काउंटरवर हात आपटला.

"पोरीचं रक्त जाऊन राह्यलं अन् तू मले सुट्टी सांगतं? उठ. डॉक्टरीण कुठं बसते ते दाखव."

रांगेतल्या बाया वळून पाहू लागल्या. निखत लाजून तिचा बुरखा ओढत होती, खाला, हळू, खाला. सुगराबी हळू बोलली नाही. आतून एक नर्स बाहेर आली, पोरीचा चेहरा पाहिला, खालची पापणी ओढून पाहिली आणि काही न विचारता तिला आत घेऊन गेली.