खालाच्या डोळ्यांवर आलेला आळ

केजहून रोज एसटीनं बीडला जाऊन मी भंगाराच्या शेडमध्ये बोर्ड निवडायचे. कॉम्प्युटर-मोबाइलचे हिरवे बोर्ड एका ढिगात, जुन्या टीव्हीचे तपकिरी दुसऱ्यात. हिरव्यांत थोडं सोनं असतं, तपकिरींत जवळजवळ नसतंच. दोन्ही मिसळले की माल हलका ठरतो. हे मला शेजारी बसणाऱ्या खालानं शिकवलं. ती कधी शाळेत गेली नव्हती, पण बोर्ड नुसता तिरपा धरून सांगायची, हा कुठं टाकायचा.

एका संध्याकाळी एसटी चुकेल म्हणून मी शेवटचं पोतं न निवडताच चांगल्या मालात ओतलं. खाला तेव्हा हात धुवायला गेली होती.

काही दिवसांनी बोर्डांतून सोनं काढणाऱ्या कारखान्यातून तक्रार आली. शेठ सरळ आमच्या टेबलापाशी आले.

"खाला, एवढे तपकिरी बोर्ड कसे गेले? दिसत न्हाई का आता?"

"दिसतंय की, शेठ," खाला गडबडून म्हणाली.

शेठनी माझ्याकडे बोट केलं. "यापुढं हिला दाखवून टाकत जा."

मी मान खाली घालून स्क्रू काढत राहिले.

त्यानंतर खाला प्रत्येक बोर्ड माझ्यापुढं धरायची. "पोरी, बघ बरं, ह्यो कोणता?" तिचं एकदाही चुकलं नाही, तरी विचारायचीच. घरी सुईत दोराही आता नात ओवते, म्हणाली. मी हूं म्हटलं.

तीन आठवडे मी हे चालू दिलं. मग एकदा रोजच्यासारखं दोघी डबा खाताना बोलून टाकलं, "खाला, ते पोतं मी ओतलं होतं."

तिचा घास हातातच राहिला. आता ती ओरडणार, असं मला वाटलं.

"मंग माझे डोळे चांगले हायत?"

"हो."

ती हसली. ओढणीनं डोळे पुसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिनं विचारलं, "तवाच काहून न्हाई सांगितलं?"

मी डब्याचं झाकण लावलं. त्याच दुपारी मी शेठना सांगितलं. "बरं, नीट बघत जा," एवढंच म्हणून ते फोनवर बोलू लागले. एवढ्यासाठी मी घाबरले होते!

खाला अजून माझ्याशेजारीच बसते. नीट बोलते, नवा माल आला की समजावूनही सांगते. डबा मात्र ती पलीकडच्या बायकांबरोबर खाते.