राज्य कोणावर?

'अंगीकार' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. एखादे व्रत, एखादे पद अंगीकारले असे म्हणताना त्याचा मूळ अर्थ निसटून जातो. जे आपल्या अंगाचे नव्हते ते अंगाचे करून घेणे, हा तो अर्थ. सन्मानाचा अंगीकार सहज घडतो. स्वतःच्या चुकीचा, आणि तोही लहान मुलांसमोर वर्गाच्या मध्यभागी उभे राहून, फार थोड्यांना साधतो. शिवकांता बिराजदार यांना तो साधला होता.

देवणीच्या पुढे, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या सिंदीवाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. तेथे शिवकांताबाईंनी एकोणीस वर्षे शिकवले. सेवेच्या त्यांच्या अखेरच्या वर्षी ही शाळा आयर्लंडमधील समुद्रकाठच्या एका प्राथमिक शाळेशी जोडली गेली. दोन्हीकडच्या मुलांनी मिळून संगणकावरचा एक खेळ रचायचा होता. नियम सिंदीवाडीने लिहायचे, चित्रे तिकडच्या मुलांनी काढायची, आणि रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून संगणकाला द्यायच्या सूचना दोघांनी वाटून घ्यायच्या. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तो खेळ दोन्ही शाळांनी शेवटपर्यंत खेळून दाखवायचा. चालला तर जोडी पुढल्या वर्षीही राहणार, नाही तर तेथेच संपणार. हे मुलांना पक्के ठाऊक होते. त्या महिन्यात घंटा झाली तरी कोणी संगणकापुढून उठत नसे, आणि डबे तसेच बंद राहत.

मुलांनी पकडापकडी निवडली. नियम लिहिण्याचा मान चौथीतल्या जगदेवीला मिळाला. तिने इंग्रजीत लिहिलेले ते पहिलेच पान.

त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी दुपारी खेळाचे पहिले रूप आले. पडद्यावर हिरवेगार कुरण, त्यात काळ्यापांढऱ्या देवणी गाई आणि तिकडच्या गुबगुबीत मेंढ्या. श्रीशैल नावाच्या मुलाने कळ दाबली. गाय धावली, तिने मेंढीला पकडले, आणि मेंढीच्या मस्तकावर सुवर्णमुकुट अवतरला. मागे तुतारी वाजली. खेळ संपला. पुन्हा कळ दाबली, तर सगळ्या मेंढ्या स्वतःहून गाईकडे धावत सुटल्या.

"बाई, ह्या पळंनात," श्रीशैल म्हणाला. "उलट येऊन धरून घेऊन राहिल्यात."

कारण जगदेवीच्या पानात सापडले. 'जो पकडला गेला त्याच्यावर राज्य' हा आपला नियम. तिने शब्दकोश पाहून त्याचे इंग्रजी केले होते, 'जो पकडला जाईल त्याला राज्य मिळेल.' राज्य मिळते म्हटल्यावर त्या मुलांनी मुकुट दिला, यात त्यांचा काय दोष?

"जगे, तुझ्यामुळं समद्या मेंढ्या राण्या झाल्या," श्रीशैल म्हणाला. "आता पळायला तुझ्या आज्याला बोलवू का?"

वर्ग हसला. जगदेवीने माऊस बाजूला सारला. "म्या न्हाई लिहिणार आता. दुसऱ्याला द्या."

बाई तिच्याजवळ गेल्या. "कागद दाव बरं. ही खालची लाल सही कोणाची हाय?"

"तुमची."

"मग तपासलं कुणी?"

"तुमीच."

"तर मग राज्य कुणावर?"

पहिलीतली दिपाली भीत भीत म्हणाली, "बाईवर?"

"हाव. बाईवर," असे म्हणून त्यांनी पदर कमरेला खोचला. "चला बाहेर. आणि लई जोरात पळा, मी सोडणार न्हाई."

तीन वाजले होते, तिकडचे सकाळचे साडेनऊ. ठरल्याप्रमाणे आयर्लंडची मुले फोनवर आली, तेव्हा त्यांना वर्ग दिसला नाही. दिसले ते अंगण, आणि त्यात सत्तावन्न वर्षांच्या बाई तेवीस मुलांमागे धावताना. फोन जगदेवीच्या हातात होता. बाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच तक्रार केली असेल. पण श्रीशैलची बंडी हाती लागेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मग तो धावू लागला आणि बाई कडेला पायरीवर बसल्या.

तिकडून इफा नावाच्या मुलीने इंग्रजीत विचारले, "म्हणजे राज्य हे बक्षीस नाही? काम आहे?"

"काम," जगदेवी म्हणाली. "व्हेरी बिग काम."

पलीकडे खसखस पिकली. मग मुकुट पुसून टाकू का, असे इफाने विचारले. दोन आठवड्यांच्या मेहनतीचे ते चित्र होते. जगदेवीने बाईंकडे पाहिले. बाई धापा टाकत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली, तूच सांग.

"नको पुसू," जगदेवी म्हणाली, आणि इंग्रजी शब्द जुळवत, हातांनी दाखवत तिने सांगितले, "जड कर. ज्याच्या डोक्यावर मुकुट, त्यो सावकाश पळंल. दुसऱ्याला धरलं की मुकुट त्याच्याकडं."

राजधर्म सांगणाऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या हेच सांगितले, की सत्ता हा भार आहे. दहा वर्षांच्या मुलीने तो भार संगणकाला तीन ठोकळ्यांत शिकवला.

बुधवार आणि गुरुवार ठोकळे जुळवण्यात गेले. कधी मुकुट हवेत तरंगे, कधी दोन गाईंना एकच मुकुट मिळे, आणि प्रत्येक वेळी कोणी तरी ओरडून विचारी, "राज्य कुणावर?" शुक्रवारी पालकही आले. जगदेवीचे वडील चंद्रप्पा शेतातून तसेच आले होते. खेळ अकरा मिनिटे अखंड चालला. आयर्लंडच्या मेंढ्या आता जिवाच्या आकांताने पळत होत्या, आणि मुकुट घातलेली गाय डुलत डुलत त्यांच्यामागे. "अगं डावीकडं वळीव, डावीकडं," असे चंद्रप्पा पडद्याला सांगत होते. शेवटच्या मेंढीवरही राज्य येऊन खेळ संपला तेव्हा दोन्ही देशांची मुले बाकांवर उभी होती. आवाज थोडा ओसरल्यावर पलीकडच्या शिक्षिकेने विचारले, पुढल्या वर्षी कोणता खेळ?

जगदेवीने नवा कागद ओढून घेतला होता.

मेअखेर शिवकांताबाई निवृत्त होऊन उदगीरला राहावयास गेल्या. त्यांच्या जागी नव्या बाई आल्या आहेत. दोन्ही शाळांची जोडी चालू आहे, आणि आयर्लंडमधल्या त्या अंगणात कोणी पकडले गेले की मुले 'राज्य' म्हणतात.