मी खोडलेलं ‘म्हणे’

घरात नाही, शाळेत नाही, सख्ख्या बहिणीपाशीसुद्धा हे माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. तुमच्यापाशी निघतंय, कारण आता माझाच मला वैताग आलाय.

यवतजवळच्या आमच्या गावात मी जन्मभर मराठी शिकवलं. निवृत्त झाले तरी सगळ्यांची ‘बाई’च. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काही ढकललं की मी हजर—कुठं वाचलंस? लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं, की नुसतं ऐकलं? आणखी कुणाला विचारलं का? पोरं वैतागतात. वैतागू देत! परवा जत्रेच्या एका पोस्टमध्ये देवीच्या जुन्या मुखवट्याची गोष्ट होती, तिच्याखाली सवयीनं टाकलं, ‘कशावरून?’ झालं—एकानं लगेच पुरावे पाठवले. शिरूरच्या कॉलेजातला कुणाचा तरी प्रकल्प, एका पेपरची पुरवणी, कुठलीशी वेबसाइट. सगळीकडे एकच वाक्य, शब्दाला शब्द: ‘भिवाने देवीचा जुना मुखवटा विकला.’ खाली लिहिलेलं, बाई, आता तरी पटलं का?

कपाळ माझं! पटायचंय काय त्यात? ते वाक्य माझंच आहे.

देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा स्मरणिका काढायची ठरली. गावाचा इतिहास कुणी लिहायचा? बाईंनी. मी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आप्पांकडे गेले. त्यांचं आणि भिवाच्या घराचं बांधावरून पिढीजात वाकडं. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. आप्पा म्हणाले, “देवीचा जुना चांदीचा मुखवटा भिवानंच इकला म्हनं.” मी लिहून घेतलं—विकला म्हणे. दुसऱ्या कुणाला विचारायला गेले नाही. आणि दौंडच्या छापखान्यात प्रुफं तपासताना ते ‘म्हणे’ डोळ्यांत खुपायला लागलं. पारावरच्या गप्पा वाटत होत्या हो! इतिहास कसा ठाम पाहिजे. खोडलं. पोरांच्या वहीतली चूक खोडावी तसं, लाल पेनानं. त्या वाक्यात खरा असा तेवढाच शब्द होता.

एवढ्यावर भागलं असतं, तर मूर्खपणा म्हणून मी स्वतःला सोडून दिलं असतं. पण पुढचं—पुढचं मी पुरतं समजून-उमजून केलं.

जत्रेत देवीचा मुखवटा डोक्यावर घ्यायचा मान भिवाच्या घराचा. भिवाच्या माघारी तो नातवाकडे आलेला, सखारामकडे. सखाराम माझाच विद्यार्थी. स्मरणिका निघाली आणि देवळात बैठक बसली—ज्याच्या आज्यानं मुखवटा विकला, त्याच्या डोक्यावर मुखवटा कसा द्यायचा? सखाराम उठला, माझ्याकडे वळला. “बाई, तुम्हीच सांगा. खरं हाय का ह्ये?”

काय अवघड होतं सांगा? नक्की ठाऊक नाही बाबा, ऐकीव आहे—इतकंच तर बोलायचं होतं. पण मग माझं नाव? स्मरणिकेच्या प्रकाशनात मिळालेली शाल? ‘बाईंनी लिहिलंय’ म्हटलं की गावात वाद मिटतो, त्याचं काय? मी म्हणाले, “छापलंय ना.” मेली भित्री!

तो भांडला असता तर बरं झालं असतं. मान खाली घालून म्हणाला, “मंग आसंल. आज्या आमच्यापाशी कवा बोलला न्हाई.” बघा, माझ्यावर विश्वास ठेवून त्यानं स्वतःच्या आज्याला चोर मानलं. मान त्याच बैठकीत दुसऱ्या घराला गेला.

तेव्हापासून दर जत्रेला बोलता आलं असतं. नाही बोलले. परवा त्या पुराव्यांखालीसुद्धा मी काय लिहिलं? काही नाही. ग्रुप बंद करून चहा टाकला.

काल जत्रा झाली. देवळात ही गर्दी! सखाराम बायकोपोरांना घेऊन पार मागं, चपलांपाशी उभा होता. मी दिसले तसा पुढं आला आणि माणसं बाजूला सारत म्हणाला, “सरका की जरा. आपल्या बाई हायेत, वाट द्या.” लोक सरकले. मी त्याच्यासमोरून गेले आणि पुढं, मुखवट्यासमोर जाऊन बसले.