एका नंबरवर दोघं

कामासाठी बरगीला गेलो की तो धरणाच्या काठावर दिसायचा. मांडीवर लॅपटॉप, तोंड पाण्याकडे. उघडण्याआधी झाकण गमछ्याने हळूच पुसायचा, झोपलेल्याचा चेहरा पुसावा तसं. माझ्या मोबाइलवर तिथे फोन जेमतेम लागायचा, नेट तर नाहीच.

तो मराठी आहे हे कळल्यावर एका दुपारी विचारलंच, "भैया, तुमचं नेट काहून चालून राहिलं इथं?"

"यात सिम आतच बसते जी. बायकोचा नंबर आहे. फोन हातात घेऊनच बुडाली ती इथं. मग मी त्याच नंबरचं दुसरं सिम काढलं."

त्याने आपला मेल पाठवला, लॅपटॉप मिटला आणि पिनेने सिम बाहेर काढलं.

"काढलं काहून?"

"एका नंबरवर दोघं कसे चालतील? आता तिची बारी. लावून पाहा ना."

त्याने सांगितलेला नंबर मी लावला. बंदच असणार, याची खात्री होती. सिम त्याच्या तळहातावर उन्हात चमकत होतं. तो पाण्याकडे पाहून हसला, आणि माझ्या कानात रिंग वाजायला लागली.

मी फोन कापला. तिचा नंबर तिथेच पुसून टाकला.

माझा मात्र आता तिच्याकडे आहे.