मेलेली सेगुंदा बांधावर

पहाटेपासून आभाळ असं खाली उतरलेलं की ताडांचे शेंडे त्यात बुडून गेलेले. वारा नाही, पाऊस नाही, नुसती चिकचिक. सेगुंदा कमरेचं फडकं वर खोचून बांधावरून चालत होती आणि चालता चालता अंगठ्याने बांध पोखरणाऱ्या खेकड्यांची बिळं चाचपत होती. बीळ सापडलं की वर चिखलाचा गोळा, त्यावर टाच. नवरा गेल्यापासून रोज सकाळचं हे काम तिचंच. एका अंगाला मान्सोआ नदीची खारी खाडी, दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्यातली भातखाचरं. अर्धी लावणी झाली होती, अर्धी उरली होती.

उघाडीपाशी तिची टाच आत गेली ती थेट गुडघ्यापर्यंत.

जास्तीचं पाणी खाडीत सोडायला बांधातून ताडाचं पोकळ खोड आरपार घातलेलं, तीच उघाडी. त्या खोडाच्या कुशीत बांध आतून पोखरून गेला होता. आणि दुपारी अवसेचं उधाण. खारं पाणी आत आलं की यंदाचं भात तर गेलंच, पुढचे दोन पावसाळे त्या जमिनीत मिठाशिवाय काही पिकायचं नाही.

बांध घालणं हे जवान पोरांच्या टोळीचं काम. टोळी पलीकडच्या गावात कुणाचा तरी बांध घालायला गेलेली. काम उरकून यजमानाचं जेवण पोटात गेल्याशिवाय टोळी हलत नाही, अर्ध्यावर उठणं म्हणजे लाज. सेगुंदा तशीच चिखलाच्या पायांनी बेदिंगाकडे गेली. बेदिंगा तिचा चुलत सासरा आणि गावचा ढोल वाजवणारा. सावरीच्या झाडाखाली पोकळ खोडाचा तो थोरला ढोल, आणि त्याला टेकून चिलीम ओढणारा बेदिंगा.

"आबा, ढोल वाजवा. टोळीला बोलवा. उघाडी फुटतेय."

"बांधासाठी ढोल? हसतील पोरं. तिथं डुक्कर शिजतंय, म्हणतील उद्या बघू."

"मग मयताचा वाजवा."

"कोण मेलं?"

"मी."

बेदिंगाने तोंडातली चिलीम काढली. "डोकं जाग्यावर आहे का तुझं? हा ढोल बोलला की बोलला, मागे घेता येत नाही. डुक्कर कापावं लागेल, गाव जेवू घालावं लागेल. आणि उद्या खरंच मेलीस तर मी काय वाजवू?"

"काही वाजवू नका. सांगा, हिचं मागेच उरकलंय."

"आणि डुक्कर?"

"मी मेल्यावर तुम्ही माझं डुक्कर खाणारच होतात की! आत्ता कापलं तर एक तंगडी माझ्या तरी वाट्याला येईल."

बेदिंगाचंही खाचर त्याच बांधामागे होतं. ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही तो विषय काढला नाही. बेदिंगाने हातावर थुंकी टाकली, पितरांना उद्देशून काहीतरी पुटपुटला, आणि ढोलाच्या बोलीत सेगुंदाच्या नवऱ्याचं नाव, तिचं नाव, मग मरणाचे ते जड ठोके असं सगळं व्यवस्थित वाजवलं. आपल्या मरणाचा ढोल ऐकायला सेगुंदा थांबली नाही. टोपली उचलून ती बांधावर पळाली.

पहिली पोचली ती भलतीच. लिस्बनहून आलेली इनेश नावाची पोर, कालच बिसाऊला विमानातून उतरलेली, गिनी-बिसाऊ बघायला निघालेली. ढोल ऐकून तिला मागे बसवून आणणाऱ्या मोटारसायकलवाल्याने सांगितलं, सेगुंदा नावाची बाई गेली. बिचारी टोपी छातीशी धरून बांधावर आली.

"सेगुंदाबाई गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं."

"मलाही वाटलं. पण आता रडायला वेळ नाही, पोरी. ही टोपली धर."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"मीच ती."

इनेशने टोपी परत डोक्यावर घातली आणि टोपली धरली. दुसऱ्या पावलाला ती कमरेपर्यंत चिखलात होती. तिचा एक बूट अजून तिथंच आहे.

मग आली किंकाळी. सेगुंदाची जाऊ दोमिंगस पलीकडच्या गावात राहायची. एका स्वयंपाकाच्या भांड्यावरून दोघींची बोलचाल कधीपासून बंद. ती छाती पिटत सगळ्यांच्या पुढे. "अगं माझ्या बाई गं! तुझ्यासारखी जाऊ मला कुठं मिळायची गं!"

"काय म्हणालीस? नीट ऐकू आलं नाही, परत म्हण."

दोमिंगस जागच्या जागी थिजली. मग रंगात आली. "मुडदा बसवला तुझा! तोंडातला घास टाकून पळत आले मी! रडून रडून घसा बसला!"

"बसला कुठं? चांगला चाललाय की. आलीच आहेस तर चिखल उचल."

तिच्या मागोमाग टोळी. टोळीचा म्होरक्या मारिन्यु, खांद्यावर लांब दांड्याचं लाकडी फावडं, डोळे लाल. त्याने सेगुंदाला पाहिलं, फावडं खाली टेकवलं आणि पोरांना हाताने थांबवलं.

"काकी, ही कसली थट्टा? अर्धं काम टाकून उठलो आम्ही. आमचं नाक कापलं गेलं तिथं."

कुणीच हलेना. खाडीचं पाणी खोडाच्या तोंडाशी चाटायला लागलं होतं.

"नाक मी जोडून देते," सेगुंदा म्हणाली. "उद्या गावातल्या बाया घेऊन तिकडे लावणीला जाते, फुकट. माझी रोपं थांबतील एक दिवस. मेलेल्या बाईने काम करून दिलं म्हणून मिरवा हवं तर. पण मारिन्यु, आधी ते पाणी बघ."

मारिन्युने बघितलं. नुसतं बघितलं नाही, उतरून खोडाच्या कुशीत हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. वर आला तेव्हा त्याचा राग खालीच राहिला होता. "हिला पुरायला खड्डा खणणारच होतो," तो पोरांना म्हणाला. "त्याऐवजी हा बुजवा."

फावडी चालली, चिखलाच्या विटा हातोहात सरकल्या. बाया, दोमिंगस, ती एका बुटाची पोर, सगळे त्या रांगेत. बेदिंगा वरून शिव्यांचा ताल देत होता. उधाण आलं, बांधाच्या माथ्याला टेकलं, तिथंच घोटाळलं आणि मागे फिरलं.

डुक्कर कापावंच लागलं, ढोल बोलला होता. लाल पामतेलातला भात, मांस, ताडी. दोमिंगसने हक्काने सगळ्यात मोठा तुकडा घेतला. रडण्याची मजुरी, म्हणाली. पण बसली सेगुंदाच्याच शेजारी.

"असं नेहमी होतं का इथं?" इनेशने विचारलं.

"छे! इथं माणूस एकदाच मरतो," सेगुंदा तंगडी चावत म्हणाली. "मी जरा घाई केली."

दुसऱ्या दिवशी उजाडताना, पलीकडच्या गावाला निघण्याआधी, ती बांधावर आली. नवा चिखल अजून ओला होता आणि रात्रीतून एका खेकड्याने त्यात घर केलंच होतं. सेगुंदाने अंगठ्याने बीळ चाचपलं, चिखलाचा गोळा केला, आणि टाच दिली.