शब्दाले शब्द

देवळीच्या बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. रेडिओवरची जुनी रहस्यनाटकं मोबाईलवर शोधून लावतात आणि डोळे मिटून ऐकत खुनी कोण ते अर्ध्यातच सांगतात. "माणूस काय बोलते ते नाई, कसा बोलते ते आयका," म्हणतात.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या दुकानात बसलो असताना आमच्या गल्लीतला एक जण आला. चार दिवसांपूर्वी त्याची बायको विहिरीत पडून गेली होती. मी त्याचा हात हातात घेतला. "बादली ओढता ओढता पाय घसरला तिचा, मी घरात होतो," एवढं सांगून तो रडायला लागला. माझेही डोळे भरून आले.

तो गेल्यावर काकांनी चपला घातल्या.

"पोलीस ठाण्यात जाऊन येतो."

"काऊन?"

"काल बी त्यानं असंच सांगितलं, शब्दाले शब्द. अन् रडला बी त्याच शब्दावर."

नाटकं ऐकून म्हाताऱ्याला भलतंच सुचतंय, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी त्या माणसानं पोलिसांपुढे कबूल केलं, बायकोला त्यानंच ढकललं होतं. हे कळताच मी तसाच दुकानात गेलो.

"काका, तुमचं खरं निघालं."

त्यांनी मान वर केली नाही.

"चुकलो असतो तं बरं झालं असतं," म्हणाले.