पाठमोरे पोपट

वस्तू घेण्याआधी तिचा जीव घेणारा माणूस सगळ्या परतुरात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ निघाला. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडं भासरे म्हणतात. भासऱ्यांसमोर धाकट्या भावाच्या बायकोनं डोक्यावरून पदर ओढायचा आणि तोंड मिटायचं, अशी रीत होती. पदर मी ओढला. तोंड मिटणं जमलं नाही, म्हणून मी म्हशीशी बोलायला लागले. भासऱ्यांना काही सुनवायचं झालं की गोठ्याकडं तोंड करायचं आणि म्हशीला म्हणायचं, "काय गं बाई, आज घरात शहाणपण लई उतू चाललंय." म्हैस रवंथ करायची. भासरे ओसरीवरून खोकायचे, म्हणजे ऐकलं. त्यांचं उत्तरही म्हशीलाच यायचं. अशी आमची बरीच वर्षं गोडीत गेली.

वस्तू तपासल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा. चप्पल आणली की पहिली रात्र ती पायात घालून झोपायचे. म्हणायचे, "झोपंत टोचली न्हाई, तर चालताना काय टोचती?" छत्री घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला छत्री उघडून धरायला लावली आणि वरून घागरभर पाणी ओतलं. छत्री गळकी होती. दुकानदार नखशिखांत भिजला आणि चिडला, तर हे म्हणाले, "माल तुमचा, मंग भिजायचं मी काऊन?" एकदा टेंभुर्णीला म्हैस बघायला गेले. म्हैस घोरते का ते बघायचं म्हणून तिच्या शेजारी घोंगडी टाकून मुक्काम केला. म्हैस काही घोरली नाही. हे मात्र असे घोरले की बिचारीनं दोन दिवस दूध चोरलं, आणि मालकानं हात जोडून यांना गाडीत बसवून दिलं. आमच्या गोठ्यात जी होती ती माझ्या नवऱ्यानं बाजारातून अशीच हाताला धरून आणल्यासारखी आणली होती. ती चांगली निघाली.

दुसरी खोड अशी, की चांगली वस्तू चारचौघं ठेवतात तिथं ठेवायची नाही. कुठूनशी काचेची सुरेख हंडी आणली, ती टांगली गोठ्यात. घरात आम्ही रॉकेलच्या चिमणीत भाकरी चाचपून खायचो आणि म्हैस हंडीच्या उजेडात कडबा खायची. कुणी हसलं तर म्हणायचे, "बैठक तर कुणीबी सजवतो. त्यात काय मर्दुमकी?" मर्दुमकी हा त्यांचा आवडता शब्द होता. ती गाजवायला लढाई काही मिळाली नाही, म्हणून घरातच कुठंकुठं गाजवायचे.

आता न्हाणीचं सांगते. आमच्या परसात एक शहाबादी फरशी होती आणि तिच्याभोवती पऱ्हाट्यांचा कूड. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या दर साल रचायच्या आणि वाऱ्यानं दर साल पाडायच्या. पुरुष माणसं आडाजवळ उघड्यावर आंघोळ करायची, त्यांना काय. आम्ही बायका कुडामागं. त्यात शेजाऱ्याचं माळवद आमच्या परसावर असं वाकलेलं, की तिथं मिरच्या वाळत घालणाऱ्या माणसाला आमच्या लोट्यातलं पाणी मोजता आलं असतं. म्हणून आम्ही अंधारात, कोंबडं आरवायच्या आधी उरकायचो. मी काकडत दोन तांबे घेऊन पळायची, मला त्याचं काही वाटत नसे. पण माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणत असे, तिला आंघोळीची हौस होती. हौस म्हणजे किती? चार भिंती, आतून कडी, हंडाभर ऊन पाणी आणि डोक्यावर दिवस असताना नीट बसून केस धुवायचे. एवढंच. दागिना तिनं कधी मागितला नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे एकच मागत होती आणि भासरे "बघू" म्हणत होते.

रझाकारांची धामधूम निवून दोनएक वर्षं झाली असतील, तेव्हा भासरे एका नातेवाइकाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला सोबत म्हणून हैदराबादला गेल्ते. तिथं एका जहागीरदाराची देवडी, म्हणजे मोठा वाडा, पाहून आले. जहागिरी गेल्ती, माणसं गेल्ती, पण आंघोळीच्या खोलीच्या भिंतींना छातीइतक्या उंचीपर्यंत नक्षीचं सागवान जसंच्या तसं होतं म्हणे. घरात पाऊल टाकलं आणि पाय धुवायच्या आधीच आक्काला म्हणाले, "तुझी न्हाणी करायची. न्हाणी न्हाई, हमाम! भिंतीला लाकूड लावायचं."

आक्का म्हणाली, "लाकूड चुलीत घालतेत. मला नुस्ती कडी द्या."

"कडी काय, कुणाच्याबी दाराला असती," असं म्हणून ते कामाला लागले.

विटांच्या भिंती झटक्यात उभ्या राहिल्या. वर पत्रा पडला. मग काम थांबलं, कारण दार बसवता येईना. दाराची नक्षी भिंतीच्या नक्षीला जुळली पाहिजे, आणि भिंतीला कोणतं लाकूड लावायचं ते अजून ठरायचं होतं. लाकूड पाण्यात टिकलं पाहिजे म्हणून त्यांनी बाभूळ, कडुलिंब, आंबा, शिसव आणि साग यांचे तुकडे आणले आणि घरात जितकी भांडी होती तितक्यांत भिजत घातले. आम्ही रांजणातलं पाणी प्यायलो तर त्यात बाभूळ. कळशीत शिसव. एक दिवस पाहुण्यांनी चहाचा घोट घेतला आणि कपाकडं बघत बसले. कडुलिंबाचा तुकडा चहाच्या पातेल्यात राहिला होता. भासरे म्हणाले, "घ्या घ्या, रक्त साफ होतं." मग त्यांनी सगळे तुकडे वरणाच्या भगुन्यात उकळले. ऊन पाण्यानं लाकूड फुगतं का ते पाहायचं होतं. मी म्हशीला म्हणाले, "आज जेवायला लाकडाचं वरण हाय गं. तुला कडबा बरा." ओसरीवरून खोकला आला. पाठोपाठ म्हशीला निरोप आला, "म्हशीला सांगा, हैदराबाद बघितलं न्हाई त्यानं बोलू न्हाई." असं करत एक पावसाळा गेला, आणि शेवटी जगात सगळ्यांना ठाऊक होतं तेच लाकूड भासऱ्यांनी शोधून काढलं. सागवान.

तोवर आक्का कुडामागंच.

जालन्याहून सुतार आला. तो मोठा बेरकी होता. मालक काहीही म्हणाले की "बिलकुल बराबर" म्हणायचा आणि विडी पेटवायचा. कमळ की कैरी, वेल की जाळी, यावर दोघांचा महिना गेला. अखेर पोपट ठरले. डाळिंबाच्या फांदीवर बसलेले जोडीजोडीनं पोपट. पहिली फळी कोरून झाली आणि ती भिंतीला लावून भासऱ्यांनी आक्काला मोठ्या तोऱ्यात बोलावलं. आक्का आत गेली आणि तशीच माघारी आली.

"हे काय?"

"पोपट. दुसरं काय दिसून राह्यलं?"

"त्यायला डोळे हायेत."

"मंग? आंधळे करू?"

आक्का कधी जास्त बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "अहो, लगीन होऊन आले तव्हापासून मी डोळे चुकवून आंघोळ करून राह्यले. त्या माळवदावरचे चुकवले. आता तुमी घरातच डोळे आणून बसवले. मला बघणारं कायबी नको. पोपट बी नको."

सुतार हसला. भासरे हसले नाहीत. उठले आणि शेताकडं निघून गेले, ते दिवेलागणीला आले. सकाळी सुताराला म्हणाले, "पोपट पाठमोरे कर."

सुतार पहिल्यांदाच बिलकुल बराबर म्हणाला नाही. म्हणाला, "मालक, पाठमोरा केला तर पोपट हाय का कावळा, कळंल कसं?"

"शेपटीवरून."

"आन् चोच?"

"चोच तिकडल्या अंगाला हाय, असं समजायचं."

तर त्या न्हाणीत पुढं जितके पोपट कोरले ते सगळे पाठमोरे. जोडीजोडीनं बसलेले, माना पलीकडं वळवलेल्या, जसं काही भिंतीच्या पार तिकडं डाळिंबाची बाग लागली आहे. आणि ती पहिली फळी? ती उलटी करून ठोकली, पोपटांची तोंडं विटांकडं. मी आत डोकावले आणि म्हशीकडं गेले, पण त्या दिवशी तिला नुसता कडबा टाकून माघारी आले.

दार बसलं. कडी बसली. आता आक्का आंघोळ करणार असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं. पण लाकडाला रोगण लावलं होतं आणि ते वाळेपर्यंत आत कुणी जायचं नाही, असा हुकूम निघाला. ते वाळलं, तर दुसरा हात द्यायचा निघाला. दोन्ही हात वाळून खडखडीत झाले, आणि न्हाणी अशी काही चकाकायला लागली की भासऱ्यांचा जीव तिच्यात अडकला. तपासायचं राहिलं होतं ते एवढंच की तिथं आंघोळ करता येते का, आणि नेमकं तेच तपासायला ते तयार होईनात. "या आठवड्यात नगं, हवा दमट हाय." "सणावाराला करू." मग बघायला लोक यायला लागले. टेंभुर्णीचे आले, हसनाबादचे आले. माणसं आली की बसवायची कुठं? तर न्हाणीतच. खाली सतरंजी अंथरली, तक्क्या टेकवला, पानाचं तबक आलं. गावभर झालं की अमक्याच्या घरी चहा न्हाणीत देतात. एका पाहुण्यानं चहा झाल्यावर हात धुवायला पाणी मागितलं, तर भासरे त्याला हाताला धरून बाहेर कुडामागं घेऊन गेले. "इथं धुवा. तिकडं शिंतोडे उडतेत."

कूड त्या साली कुणी नीट बांधलाच नव्हता. नवी न्हाणी झाली म्हटल्यावर कोण बांधतो? एका वादळात तो निम्मा आडवा झाला. उन्हाळ्यात शेजारी सगळे माळवदावर झोपायचे आणि लवकर उठायचे. आक्का त्याहून लवकर उठायला लागली. अंधारात पडक्या कुडाला लुगडं बांधून आंघोळ करायची, आणि दिवसा त्याच बाईनं पाहुण्यांचा चहा न्हाणीच्या दारापर्यंत न्यायचा. मी तिला म्हणाले, "आक्का, भांडा की." ती म्हणाली, "भांडून काय मिळतं गं धाकटे? बघू."

तिचं "बघू" त्यांच्या "बघू"सारखं नव्हतं. ते मला एका दुपारी कळलं. हसनाबादचे दोन पाहुणे न्हाणीत बसून बशीतून चहा ओढत होते आणि भासरे त्यांना पोपटांच्या शेपट्या समजावून देत होते. आक्का चुलीवरचा हंडा दोन्ही हातांत धरून परसातून आली. वाफा निघत होत्या. डोक्यावर पदर बराबर होता. हंडा तिनं न्हाणीच्या उंबऱ्यात आदळला आणि म्हणाली, "पाव्हणे, जरा ओसरीवर बसा. मला न्हायचंय."

पाहुणे कपबशी घेऊन उठले ते असे, की एकाची टोपी तक्क्यावरच राहिली. आक्कानं टोपी बाहेर दिली, सतरंजी बाहेर दिली, तक्क्या दिला, तबक दिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. तेही बाहेर आले. आतून कडी लागली.

मग पाणी पडलं, धबाधबा, तांब्यानं नव्हे, हंडा कलता करून. भासरे दाराशी जाऊन कळवळून म्हणाले, "अगं, भिंतीला उडवू नको!"

आतून आवाज आला, "पोपटांच्या पाठी धुऊन राह्यले!"

पाहुणे खाली मान घालून हसायला लागले. मी गोठ्याकडं तोंड केलं आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाले, "काय गं, लाकूड वरणात उकळलं तव्हा भ्यालं न्हाई कुणी. आता काऊन भिऊन राह्यले?" खोकला आला नाही. ते दारासमोर नुसते उभे होते. पाहुणे कंटाळून गेले, उन्हं जरा कलली, तरी कडी निघाली नव्हती.

मग कडी निघाली. आक्का बाहेर आली. लुगडं कोरडं, चेहरा लाल आणि केस ओले, मोकळे, पार कमरेच्या खाली. मी बाई असून बघत राहिले. मला ठाऊकच नव्हतं तिचे केस एवढे आहेत, कारण अंधारात धुतलेले केस उजाडायच्या आत बांधलेले असायचे आणि वर पदर. भासऱ्यांना तरी कुठं ठाऊक होतं? संसाराला इतकी वर्षं झालेली, अर्धं आयुष्य गेलेलं, आणि बायकोचे ओले केस उन्हात त्यांनी पहिल्यांदा पाहिले. शेवटी म्हणाले, "पाणी पुरलं का?"

"न्हाई पुरलं," आक्का म्हणाली.

भासऱ्यांनी रिकामा हंडा उचलला आणि आडाकडं निघाले. त्या घरात पुरुषानं आंघोळीचं पाणी बायकोसाठी शेंदलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. शेजारच्या माळवदावरून कुणीतरी हसलं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

सागवान असलं तरी रोजचा हंडा त्याला सोसला नाही. फळ्या फुगल्या, काळ्या पडल्या, काही पोपट भिंत सोडून पुढं आले. भासऱ्यांनी पुन्हा रोगण लावलं नाही, की कुणाला चहाला आत बसवलं नाही. आता ते दोघंही नाहीत, आणि त्या जागी कुणाचं तरी किराणा दुकान आहे. लोक मला त्यांच्या छत्रीच्या आणि म्हशीच्या गोष्टी विचारतात, मी सांगते, सगळे हसतात. मला मात्र त्या नंतरच्या दुपारी आठवतात. आक्का न्हाऊन ओट्यावर केस वाळवत बसायची. भासरे ओसरीवर पानाचं तबक घेऊन, ओट्याकडं तोंड करून बसायचे. अडकित्ता हातात असायचा, उघडलेला. सुपारी तशीच अख्खी.